सावलीतला खून : गावाकडची रहस्यकथा कशी लिहावी

आमच्या सासूबाईंना वाचता येत नाही. त्यामुळे रात्री दुकान बंद करून आले की मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं, असा आमचा २०२० पासूनचा शिरस्ता आहे. अमळनेरला माझं मेडिकल आहे. त्या वर्षी सगळा बाजार बंद आणि मेडिकल तेवढं उघडं होतं. दारासमोर चुन्याचे गोल, गोलात उभी माणसं, दिवसभर एकच विषय. घरी येऊन बातम्या लावायची हिंमत व्हायची नाही. मग रद्दीवाल्याकडून कधीतरी आणून ठेवलेल्या जुन्या रहस्यकथा बाहेर काढल्या. पहिल्याच रात्री, गोष्टीतला म्हातारा जमीनदार दुसऱ्या पानावर मरून पडला, तसा सासूबाईंनी हात वर केला.

"कोनी मारं ते नको सांगू," त्या म्हणाल्या. "पन सापडस ना तो?"

"सापडतो."

"मंग वाच."

पुढे मी स्वतः लिहायला लागले. आतापर्यंत अकरा कथा झाल्या. सात दिवाळी अंकांत छापून आल्या, चार परत आल्या, आणि त्या परत येण्याच्याच लायकीच्या होत्या. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या गावात ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून गावात लिहिणाऱ्यांचं पीक चांगलं आहे. त्यातली तीन-चार मुलं-मुली काउंटरवर कोपर टेकून विचारतात, "काकू, खुनाची गोष्ट कशी लिहायची?" बीपीच्या गोळ्या मोजता मोजता तुकड्यातुकड्याने सांगितलेलं इथे एकत्र लिहिते आहे.

नावापासून सुरुवात करू. इंग्रजीत या जातीच्या गोष्टींना कोझी मिस्ट्री म्हणतात. कोझी म्हणजे उबदार. बाहेर बर्फ, आत शेकोटी, चहाची किटली, मांडीवर मांजर आणि शेजारच्या खोलीत प्रेत. आता 'उबदार' हा शब्द मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर उभं राहून म्हणून बघा. पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना कोणी 'ऊब' म्हटलं तर लोक मारायला धावतील. आमच्याकडे सुख म्हणजे निंबाखाली टाकलेली खाट आणि माठातलं पाणी. म्हणून मी माझ्यापुरतं या गोष्टींना 'सावलीतली रहस्यकथा' म्हणते.

माझ्या वडिलांची पिढी बाबूराव अर्नाळकरांवर वाढली. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. वडील अजूनही अर्नाळकरांच्या झुंजार या नायकाचं नाव काढलं की खुर्चीत सरळ बसतात. पण तो थरार वेगळ्या घराण्यातला. आपल्या गोष्टीत मोटारीच्या जागी एसटी असते आणि पिस्तुलाच्या जागी वरवंटा.

आधी एक कागद घ्या

कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा, वाचकाला गोष्ट उघडण्याआधीच काय माहीत असणार. उजवीकडे लिहा, काय माहीत नसणार. सासूबाईंचा प्रश्न आठवा: सापडतो हे डावीकडे, कोणी मारलं हे उजवीकडे.

नवीन लिहिणारे उजवी बाजू भरत सुटतात. खुनी अनपेक्षित, शेवट अनपेक्षित, निवेदकच वेडा, मेलेला जिवंत. डावी बाजू कोरी. माझ्या यादीत डावीकडे निदान नऊ गोष्टी असतात: गाव तेच, शोधणारी तीच, तिची चहाची वेळ तीच, लहान मूल मरणार नाही, जनावर मरणार नाही, रक्त फरशीवर दिसेल पण वाहताना दिसणार नाही, पहिल्यांदा पकडलेला माणूस निर्दोष असेल, पोलीस उशिरा येतील, शेवटी सगळे एकत्र बसतील. उजवीकडे तीनच: कोणी, का, कसं.

हे मला फार उशिरा कळलं. तिसऱ्या कथेत मी खुन्याला सोडून दिलं. आयुष्यात तसंच होतं, म्हटलं, आपण खरं लिहू. कथेची हस्तलिखित प्रत गल्लीत फिरली. एक निवृत्त एसटी कंडक्टर माझ्याकडे गोळ्या न्यायला येतात, त्यांनी ती प्रत काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "ताई, जळगावहून धुळ्याचं तिकीट फाडलं आणि पारोळ्याला उतरवलं तुम्ही." गोळ्यांचे पैसे देऊन गेले, पुढे महिनाभर नीट बोलले नाहीत.

मला तेव्हा वाटलं, लोकांना तेच तेच कसं चालतं? मग श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशी देवी, बसते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. रोट तेच, गाणी तीच, भाऊबंद तेच, गाण्यात अडखळायची जागासुद्धा तीच. यंदा कानबाईत नवीन काय, असं कोणी विचारल्याचं ऐकलं आहे का? नवीन असतं ते माणसांमध्ये. कुणाची सून पहिल्यांदा आली, कोणते दोन भाऊ यंदा शेजारी बसले नाहीत, कोण गेल्या वर्षी होतं आणि आता नाही. बाकी सगळं जागच्या जागी असतं म्हणूनच एवढीशी गोष्ट नजरेत भरते. रहस्यकथेत नेमकं हेच करायचं. रोजचं इतकं घट्ट बसवायचं की एक खाट इकडची तिकडे झाली तरी वाचकाने मान वर करावी.

विलायतेत या प्रकाराचा भरभराटीचा काळ म्हणजे दोन महायुद्धांच्या मधला. घराघरातली तरुण पोरं गेलेली, १९१८ च्या साथीत आणखी माणसं गेलेली. त्या वाचकांना मरणाची माहिती पुस्तकातून नको होती. एका मरणाचा तरी हिशोब लागतो, हे त्यांना वाचायचं असणार. २०२० साली रात्री दहाला हात धुऊन पुस्तक उघडणाऱ्या मला तरी दुसरं काय हवं होतं?

गाव वसवा, आणि आडनावं गाळा

खऱ्या गावाचं नाव घालू नका. पुढे त्याच गावात लग्नाला जावं लागतं. मी पिंपळबारी नावाचं गाव वसवलं आहे: तापीकाठी, दोनशे-सव्वादोनशे उंबरा, एक पार, एक विकास सोसायटी, एक बंद पडलेली जिनिंग, दिवसातून दोनदा एसटी. नकाशा वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवलाय. कुणाच्या दारातून कुणाचं दार दिसतं हे त्यात आहे, आणि माझं निम्मं काम तिथेच होतं.

पात्रांना आडनाव देत नाही. आडनाव लिहिलं की जात आली, आणि जात आली की वाचक खुनी शोधायच्या आधी बाजू घेतो. धुडकूनाना, राजधरआबा, मंजुळामाय एवढं पुरतं. आमच्या भागात हाक मारायला एवढंच लागतं.

इंग्रजी गोष्टींत गाव तोडण्यासाठी बर्फ पाडतात. रस्ते बंद, म्हणजे खुनी आतलाच. आपल्याकडे बर्फ कुठून आणणार? पहिल्या कथेत मी तापीला पूर आणला होता. पुरात माणसं खून करत नाहीत, भांडी माळ्यावर चढवतात. कथा फसली. नंतर डोक्यात आलं की आमच्याकडे बर्फाचं काम ऊन करतं. वैशाखात दुपारी बारा ते चार खानदेशातल्या कुठल्याही गल्लीत जा, कुत्रंही सावलीतून हलत नाही. सरकारने न लावलेली संचारबंदी. त्या वेळात बाहेर दिसलेला माणूस दहा जणांच्या लक्षात राहतो, कारण दाराच्या फटीतून बघायला दुसरं काहीच नसतं.

रात्री उलटं. जुनी धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, घरं एकमेकांना लागून. उन्हाळ्यात सगळं गाव धाब्यावर झोपतं. एका टोकाला खोकला आला तर दुसऱ्या टोकाला कळतं आणि छपरावरून चालत अर्धी गल्ली पार करता येते. बंद खोलीचं कोडं विसरा. उघड्या छपराचं कोडं लिहा: सगळ्यांना सगळं दिसत होतं, तरी कोणाला काहीच कसं दिसलं नाही?

मरणारा माणूस

इथे फार रेंगाळू नका. त्याच्या जाण्याने कोणाची चूल विझू नये आणि तरी प्रेताला सगळं गाव जमावं, असा माणूस निवडा. पैसे व्याजाने देणारा, बांध कोरणारा, भाच्याच्या लग्नात मानपानावरून उठून गेलेला. अगदी राक्षस करू नका, नाहीतर वाचक खुन्याला हार घालतो. एखादी चांगली सवय द्या. माझे धुडकूनाना रोज चिमण्यांना बाजरी टाकायचे.

औषध वापरू नका

या विषयावर मला बोलायचा हक्क आहे, पोट त्याच्यावरच चालतं. रहस्यकथा लिहिणारी इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्की गावच्या दवाखान्यात औषधं बनवायच्या कामावर होती. विषांची माहिती तिला तिथून झाली आणि पुढे जन्मभर तिने ती वापरली. हे वाचलं तेव्हा मी काउंटरमागे जरा ताठ उभी राहिले होते. म्हटलं, आपलीच बिरादरी. लगेच विषप्रयोगाची कथा लिहिली, आणि विष कोणतं, तर फवारणीचं. कापसाच्या मुलखात ते प्रत्येक घरात असतं.

वाचताना सासूबाई उठून आत गेल्या.

त्यांच्या माहेरी एका भावाने 'औषध घेतलं' होतं. आपल्या भाषेत या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, ते मी तीस वर्षं औषधं विकून विसरले होते. इंग्रजी वाचकाला चहातलं विष म्हणजे कोडं वाटतं, कारण त्याच्या गल्लीत तसं कोणी गेलेलं नसतं. कापूस पिकवणाऱ्या आमच्या गावांत एक घर सोडून एक घर ही आठवण आहे. तो डबा पानावर आला की सावली गेली, गोष्ट उन्हात आली. त्या दुःखावर लिहावं, जरूर लिहावं, पण ती गोष्ट वेगळी आणि तिच्यात शेवटी कोणी सापडत नाही.

तेव्हापासून माझ्या गावात माणसं जिन्यावरून ढकलली जातात, विहिरीच्या काठावर पाय 'घसरतो', फार तर वरवंटा. प्रत्येक प्रांताची अशी एक न वापरायची वस्तू असणार. तुमची कोणती, ते लिहायला बसण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

शोधणारी कोण?

जिच्यासमोर लोक बोलायचं थांबवत नाहीत, ती.

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० मध्ये पहिल्यांदा कादंबरीत आली. म्हातारी, अविवाहित, विणकाम हातात. तिची रीत अगदी गावाकडची आहे: हा माणूस आमच्या गावच्या अमक्यासारखा वागतोय, तो अमक्या कशासाठी खोटं बोलला होता? बस. आपल्या आज्या-मावश्यांनी जन्मभर दुसरं काय केलं? सोयरीक बघताना हेच करतात.

पण तिचं विणकाम उचलून आणू नका. मी आधी मेडिकलवालीच शोधणारी केली होती. प्रत्येकाचं दुखणं तिला माहीत, म्हणजे गुपितं आपोआप येतात. कथा छापून आली आणि दुकानात कुजबुज सुरू झाली. एक बाई झोपेची गोळी मागता मागता थांबली आणि म्हणाली, "राहू दे, तुझ्या गोष्टीत यायचं नाही मला." धंद्याला घातक. तुमचा स्वतःचा व्यवसाय शोधणारीला देऊ नका.

नंतर मंजुळामाय सापडली. ती बिबडे करणारी आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ज्वारीचे पापड म्हणजे बिबडे. पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात घाटा शिजवतात, गरम असतानाच वर नेतात आणि उन्हं यायच्या आत ओल्या कापडावर थापत जातात. एकटीच्याने होत नाही. पाच-सहा बायका लागतात, आणि त्यातली एक घाट्याची जाणकार असावी लागते. उन्हाळाभर तिला घरोघर बोलावणं असतं. ती आपसूक प्रत्येकाच्या चुलीपर्यंत जाते, प्रत्येकाच्या छपरावर चढते, पहाटे पाचला जागी असते. आणि घाटा ढवळताना बायका जे बोलतात ते कोर्टात कोणी बोलणार नाही. मंजुळामायला मी चौकशी करायला लावत नाही. ती मीठ चाखायला सांगते.

तिला खोड्या द्या आणि त्या प्रत्येक कथेत परत आणा. ती चहा बशीतूनच पिते. पोरांना 'हाई कोनी करं?' एवढंच विचारते, आवाज न चढवता, आणि पोरं कबूल होतात. शेवटी खुन्यालाही ती तेच तीन शब्द विचारते. वाचक त्या तीन शब्दांची वाट बघत असतो. एका कथेत मी ते गाळले तर दोन पत्रं आली.

बिबड्यावरचा पाय

आता कोड्याची बांधणी. एक पूर्ण उदाहरण देते, ही कथा छापून झाली आहे, त्यामुळे फोडायला हरकत नाही.

आखाजीचा आदला दिवस. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चाललेली असतात आणि पुरुषमंडळी पत्ते कुटत बसतात. धुडकूनानांच्या तिघी लेकी आलेल्या. दोन मुलगे त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायच्या मागे. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क लेकाइतकाच झाला, तेव्हापासून माहेरच्या आमरसाच्या वाटीबरोबर हा कागदही पुढे येतो, हे मी काही शोध लावून सांगत नाही. नाना मात्र सोमवारी लेकींची नावं लावायला तालुक्याला निघालेले.

पहाटे नानांच्या धाब्यावर शेवटचे बिबडे पडतात. साडेसहाला बायका चहाला खाली उतरतात. दुपारी जेवताना पुतण्या भिकन आमरस वाढता वाढता म्हणतो, "नाना मळ्यात गेलेत, पाण्याची पाळी आहे." चार वाजता गल्ली जागी होते आणि नाना मागच्या गोठ्यात, जिन्याच्या पायथ्याशी सापडतात. सगळ्यांना वाटतं, दुपारी परतले, उन्हात जिना चढले, भोवळ आली. संशय येतो तो दोघा मुलांवर, कारण दुपारी ते कुठे होते हे त्यांना सांगता येत नाही. भिकन नऊपासून चारपर्यंत दहा जणांच्या डोळ्यांसमोर पत्ते खेळत होता.

संध्याकाळी मंजुळामाय बिबडे गोळा करते. एका बिबड्यावर टाचेचा ठसा आहे, पूर्ण, कडेपर्यंत. ती तो बाजूला ठेवते.

आता ज्या बाईने एकदा तरी बिबडे घातलेत तिला हे माहीत आहे: ओल्या बिबड्यावर पाय पडला तर ठसा उमटतो, वाळत आलेल्यावर पडला तर तो तडकतो. वैशाखातल्या उन्हात दोन-अडीच तासांत वरची साय धरते. म्हणजे धाब्यावरून जो गेला तो सकाळीच गेला. म्हणजे नाना सकाळीच पडले. म्हणजे दुपारचे पत्ते कामाचे नाहीत, आणि नाना मळ्यात गेले असं सांगणारा एकटा भिकन. ठशात एक आडवी पट्टी उठलेली आहे. पहिल्या पानावर भिकन लंगडत येतो, बाभळीचा काटा मोडला म्हणून टाचेला चिकटपट्टी लावलेली, त्यावरून पोरी त्याची थट्टा करतात. कारण? त्याने नानांच्या खोट्या सहीवर सोसायटीचं कर्ज उचललं होतं. लेकींची नावं लावायला उतारा काढला असता की त्यावरचा बोजा सगळ्यांना दिसला असता.

यातली कारागिरी कुठे आहे ते बघा. चिकटपट्टी थट्टेत लपवली आहे, खोटं वाक्य आमरसात. दुवा लपवायचा तर जेवणाच्या वर्णनात लपवा. आपल्या वाचकाचं लक्ष ताटात असतं. पाच पदार्थांची यादी असेल तर महत्त्वाचा शब्द तिसरा ठेवा, पहिला आणि शेवटचा लक्षात राहतात. हिवाळ्यातली कथा असेल तर शेतातल्या भरीत पार्टीसारखी जागा नाही: कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातायत, कोणीतरी लाकडी बडगीत ठेचतंय, पंचवीस माणसं, धूर, अंधार, आणि प्रत्येक जण कधी ना कधी उठून विहिरीकडे गेलेला.

पण लपवणं म्हणजे न सांगणं नव्हे. रोनाल्ड नॉक्स नावाचा एक इंग्रज पाद्री होता, तोही रहस्यकथा लिहायचा. त्याने १९२९ मध्ये या खेळाचे दहा नियम लिहिले. खुनी गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच दिसलेला असला पाहिजे. भुताखेताने कोडं सुटता कामा नये. गुप्त वाट एकाहून जास्त नको. शोधणाऱ्याला सापडलेला दुवा त्याच क्षणी वाचकालाही दाखवला पाहिजे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये लेखकांनी डिटेक्शन क्लब काढला. त्यात शिरताना शपथ घ्यावी लागे की आपला शोधणारा दैवी साक्षात्कारावर किंवा योगायोगावर विसंबणार नाही. शपथविधी थट्टेचा होता, पण नियम कामाचे आहेत. आपल्याकडे एक भर घालावी लागते: कोणाच्या अंगात येऊन खुन्याचं नाव बाहेर पडता कामा नये. अंगात येऊ द्या, नाव चुकीचं निघू द्या, गाव दोन दिवस चुकीच्या माणसामागे लागू द्या. तेवढं चालतं.

बिबड्याची कथा छापून आली तेव्हा मला सगळ्यात आनंद देऊन गेला तो एका बाईंचा फोन. चाळीस वर्षं बिबडे घालतेय, त्या म्हणाल्या, आणि मला कळलं कसं नाही! त्या चिडल्या नव्हत्या. खुनी त्यांच्याच छपरावरून गेला होता आणि त्यांना त्याचं कौतुक वाटत होतं.

तेरा दिवस

इंग्रजी गोष्टीत शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतात. हे दृश्य मराठीत आणलं की नाटकातल्यासारखं दिसतं. कोण कुणाच्या सांगण्यावरून येऊन बसणार? मुलगा म्हणेल, मला डेअरीला जायचंय.

पण आपल्याकडे मरणाचं वेळापत्रक आधीच ठरलेलं असतं. दसवं, तेरावं, आणि आमच्याकडे पत्रिकेत छापतात तशी उत्तरकार्य आणि गंधमुक्ती. तोपर्यंत लेकींनी माहेर सोडायचं नसतं, भावांनी गाव सोडायचं नसतं, बोलत नसलेल्या भाऊबंदांनाही पंगतीला बसावं लागतं. बर्फापेक्षा पक्कं. एकही पात्र ओढूनताणून थांबवावं लागत नाही, आणि तुम्हाला कथेची मुदतही मिळते: तेराव्याला माणसं पांगणार, त्याआधी उलगडलं पाहिजे. मी वहीत तेरा चौकोन आखते. पहिले तीन दिवस रडणं आणि चहा. चौथ्याला पहिला खोटा संशय. सातव्याच्या सुमारास कोणीतरी जमिनीचा विषय काढतं, आणि खरंच सातव्याच्या सुमारासच काढतात. दहाव्याला नदीवर कावळा शिवत नाही. हे दृश्य मी दर दोन कथांआड वापरते आणि कोणी तक्रार केलेली नाही.

तेराव्याला मंजुळामाय पंगतीत भिकनच्या पुढे एकच बिबडा ठेवते. न तळलेला. बाकी कोणाला काही कळत नाही. तो बघतो, तिच्याकडे बघतो, आणि ती तिचे तीन शब्द विचारते.

पोलीस

थोडक्यात ठेवा. ठाणं आणलं की पंचनामा आला, कोठडी आली, वकील आला आणि सावली गेली. आपल्याकडे त्यासाठी सुंदर सोय आहे, पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ चा. गावातलाच माणूस असतो तो, आणि गुन्ह्याची खबर ठाण्याला देणं त्याचं काम. माझे राजधरआबा मंजुळामायला आधी सांगतात, मग ठाण्याला फोन लावतात, आणि फोन लागायला नेहमी वेळ लागतो. त्यांना बावळट करू नका. ते बरोबर माहिती आणतात, अर्थ फक्त चुकीचा लावतात. शेवटी खुन्याला जीपमध्ये बसवायचा मान त्यांचा.

वाचून दाखवा

लिहून झालं की कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ज्याला पुस्तकांचं फार कौतुक आहे असा माणूस निवडू नका. सासूबाई पाणी मागतात तिथे मी पेन्सिलीने खूण करते. ते पान लांबलेलं असतं. त्या 'हाऊ कोन व?' विचारतात तिथे माझी पात्रं जास्त झालेली असतात. आठच्या वर संशयित ठेवू नका, पंगतीत वाढणारालाही लक्षात राहत नाहीत.

त्या मध्येच झोपल्या तर वाईट वाटून घेऊ नका. गेल्या महिन्यात नवीन कथा वाचत होते, दहाव्या दिवसापर्यंत आले आणि बघते तर घोरतायत. सकाळी चहा देताना म्हणाल्या, "सापडना ना?" आमच्या अहिराणीत सापडना म्हणजे सापडला.

"सापडना."

नाव विचारलं नाही. बशीत चहा ओतला आणि आज बिबडे उचलायला कोण येणार ते विचारायला लागल्या.

दिवाळी अंकासाठी लिहिणार असाल तर उन्हाळ्यातच हातावेगळं करा. पावसाळा सुरू झाला की अंकांची पानं भरत जातात, आणि उशिरा गेलेली कथा पुढच्या वर्षावर पडते. एक कथा मला साधारण वीस बैठकांत होते, दिवसाला दोन पानं. दुकान मी बारा ते चार बंद ठेवते. गिऱ्हाईक फिरकत नाही, पंखा गरम वारा फेकतो, गल्लीत चिटपाखरू नसतं. त्यातून कधी कोणी जाताना दिसलंच, तर वेळ टिपून ठेवते.